वाड्याच्या तुळईतून पेन: जुन्या सागवानाच्या तुकड्यापासून रिफिल बसेपर्यंत

बडोद्याच्या दांडिया बाजारातला आमच्या आजोळचा वाडा उतरवला, तेव्हा मामांनी माडीच्या तुळईचा दीड फुटाचा तुकडा माझ्यासाठी बाजूला काढून ठेवला. बाकीचं लाकूड ठेकेदाराबरोबर गेलं. हा तुकडा आमच्या बाल्कनीत दोन वर्षं पडून होता. धुराने काळा पडलेला, एका अंगाला चुन्याचे पोपडे, मधोमध गंजका खिळा. कुणी पाहिलं असतं तर बंबात घालायचं लाकूड म्हणालं असतं. एका रविवारी त्याचं टोक करवतीने कापलं आणि आत मधाच्या रंगाचं सागवान निघालं. खोलीभर कोऱ्या चामड्यासारखा वास सुटला. इतकी वर्षं भिंतीत दबलेल्या लाकडाने वास राखून ठेवला असेल असं मला वाटलं नव्हतं.

त्या तुकड्यातून आजवर बावीस पेनं झाली. बडोद्यात रावपुरा, घडियाळी पोळ, दांडिया बाजार या भागांतले वाडे एकेक करून उतरतायत. त्यांच्या तुळया, वासे, जिन्याच्या पायऱ्या कुणाच्या ना कुणाच्या गच्चीवर पडलेल्या असतात. तुमच्याकडे असा तुकडा असेल, तर त्याचं पेन कसं करायचं ते इथे पहिल्यापासून सांगतो.

आधी वही, मग करवत

करवत हातात घेण्यापूर्वी एक वही करा. माझ्या मते या कामातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि बहुतेक जण नेमकी हीच गाळतात. एकदा कांड्या, म्हणजे पेनासाठीचे लांबट चौकोनी तुकडे, कापल्या की सगळ्या सारख्याच दिसतात. कुठली कांडी कुठल्या घरची, हे महिनाभरात विसरायला होतं. मग ते लाकूड नुसतं सागवान उरतं, आणि सागवान तर बाजारात कुठेही मिळतं.

वहीत लिहा: घर कुठलं, कुणी दिलं, कधी दिलं, आणि घरातला कुठला भाग, म्हणजे तुळई की वासा, उंबरा की पायरी. तुकड्याचे चारही बाजूंनी फोटो काढा. घराचं वय माहीत नसेल तर अंदाजावर साल टाकू नका, पुरावा शोधा. जुनं खरेदीखत, घरपट्टीच्या पावत्या, दारावर कोरलेला शक. लाकूडही बोलतं. दोन माणसांनी आरा ओढून कापलेल्या तुळईवर करवतीचे ओरखडे सरळ, तिरपे आणि कमीजास्त अंतरावर असतात. यंत्राच्या गोल पात्याने कापलेल्या लाकडावर ते कमानीसारखे वळलेले दिसतात. खिळाही बघा. लोहाराने घडवलेला खिळा चौकोनी आणि टोकाकडे निमुळता असतो, कारखान्यातला तारेचा खिळा गोल. तारेचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे सर्रास झाले. आमच्या तुळईवर तिरपे ओरखडे होते आणि खिळा चौकोनी, म्हणून मी वहीत लिहिलं: ‘हातआऱ्याने कापलेली, घडवलेला खिळा, साल माहीत नाही.’ एवढंच खरं होतं.

लातीत, म्हणजे इमारती लाकडाच्या वखारीत, जुन्या लाकडाला मोठं नाव चिकटायला वेळ लागत नाही. ‘साहेब, हे पॅलेसचं आहे’ असं कुणी म्हणालं तर कागद मागा. कागद नसेल तर लाकूड जरूर घ्या, पण वहीत लक्ष्मी विलास राजवाड्याचं नाव येऊ देऊ नका. ‘लातीतून घेतलं, घर माहीत नाही’ असं लिहिलेलं पेनही चांगलंच असतं.

कशाला करवत लावायची नाही

कोरीव काम असलेला कुठलाही तुकडा कापू नका. खांबाचं कमळ, तुळईखालचे घोडे, कोरलेली महिरप, नक्षीचं दार: एका पेनासाठी यातलं काहीही फोडणं मला मान्य नाही. रावपुऱ्यातला भाऊ तांबेकरांचा वाडा ज्यांनी आतून पाहिलाय, त्यांना लाकूड आणि भिंतीवरची चित्रं मिळून घर कसं उभं राहतं ते सांगायला नको. तो वाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. बाकीच्या वाड्यांची नक्षी जपणं मात्र आपल्याच हातात आहे.

कायद्याची बाजूही समजून घ्या. 1972 च्या पुरावशेष कायद्यात, किमान शंभर वर्षं जुनी आणि इमारतीपासून सुटी केलेली वस्तूही ‘पुरावशेष’ या व्याख्येत बसू शकते. पुरावशेषांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत. कोरीव तुकडा हाती आला तर त्याला हात न लावता जाणकाराला दाखवा. पेनं विकायचा किंवा परदेशी पाठवायचा विचार असेल तर साध्या लाकडाबद्दलही आधी वकिलाचा सल्ला घ्या. मी विकत नाही, घरच्यांना देतो.

कापायला योग्य लाकूड म्हणजे आधीच उतरलेलं, साधं, पुन्हा बांधकामात न जाणारं: तुळईची भिंतीत गेलेली टोकं, तुटके वासे, झिजलेल्या पायऱ्या, एका बाजूने वाळवी लागलेली चौकट. पेनासाठी म्हणून उभ्या घरातलं काहीही काढायचं नाही.

साफसफाई, खिळे आणि सुकवण

जुन्या दाराला किंवा चौकटीला तेलरंग असेल तर तो कोरडा घासू नका. जुन्या तेलरंगात शिसं असतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90) मर्यादा लागू झाली ती 2017 च्या नोव्हेंबरपासून. ओला करून खरवडा, खरवड कागदावर गोळा करा, मुलांना दूर ठेवा. तोंडाला एन-95 मास्क हवाच. सागवानाची धूळ बऱ्याच जणांना सोसत नाही, खोकला येतो, अंगाला खाज सुटते. जुन्या लाकडात वाळवीचं औषध मुरलेलं असण्याचीही शक्यता असते.

मग खिळे. फुटक्या स्पीकरमधलं चुंबक सुतळीला बांधून लाकडावरून सावकाश फिरवा. जिथे ओढ लागेल तिथे खडूने खूण करा. पितळेचा स्क्रू चुंबकाला सापडत नाही, म्हणून डोळ्यांनीही बघा. खिळ्याभोवती लाकूड निळंकाळं पडलेलं असतं: लोखंड आणि लाकडातलं टॅनिन ओलीत एकत्र आलं की असा डाग पडतो. खिळा मोडका असेल तर चिमट्याने ओढत बसू नका. भोवतीचं लाकूड पटाशीने मोकळं करा, मग तो सरळ वर येतो. काढलेले खिळे फेकू नका, पुढे त्यांचं काम आहे.

सुकवणीबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो: जुनं लाकूड म्हणजे सुकलेलंच. घरात होतं तोवर सुकलेलं होतं. घर उतरल्यावर ते पावसात पडलं असेल तर पुन्हा ओलं झालंय. माझ्या काही कांड्या 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शिरलं तेव्हा तळघरात होत्या. वरून आठवड्याभरात कोरड्या दिसायला लागल्या, पण आतून सुकायला चार महिने लागले, आणि छिद्रांत बसलेल्या गाळाने पटाशीची धार दर दोन मिनिटांनी गेली. ओल मोजायचं यंत्र नसेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. कांड्या कापून दर रविवारी वजन करा आणि कांडीवरच पेन्सिलीने लिहा. पेनाएवढी सागवानी कांडी साधारण 30 ग्रॅम भरते. सलग तीन रविवार वजन तेच आलं की लाकूड तयार. पावसाळ्यात हे करू नका. दिवाळीनंतरची बडोद्याची कोरडी हवा याला उत्तम.

कांड्या कापणं

सुरुवातीला ‘स्लिमलाइन’ म्हणून मिळणारं बॉलपेनचं किट घ्या. त्यात 7 मिलिमीटर जाडीच्या दोन पितळी नळ्या, टोक, मधलं कडं, क्लिप, वरची टोपी आणि पिळून रिफिल वर आणणारा भाग असतो. त्याला 19 मिलिमीटर चौरस आणि 130 मिलिमीटर लांब कांडी लागते.

माझा तुकडा सहा इंच बाय सहा इंच. करवतीने जाणारा भुगा धरून हिशेबाने नव्वदच्या वर कांड्या निघायला हव्या होत्या. प्रत्यक्षात मिळाल्या 61. तुळईचा अगदी मधला गाभा सोडून द्या, तिथून भेगा सुटतात आणि भोक पाडताना कांडी उकलते. बाहेरची काळी कातही भेगाळलेली असते. कांडीची लांबी लाकडाच्या रेषांना समांतर ठेवा. जराशी तिरपी कापली तर रेषा पेनावर वळत जातात, दिसायला सुरेख, पण पहिल्या पाच पेनांत हा मोह टाळा.

टोकाचा काप पाण्याने पुसून उजेडात धरा, वर्तुळं मोजता येतात. माझ्या तुळईत एका इंचात 14 वर्तुळं मिळाली, म्हणजे बोटाच्या दोन पेरांहून कमी जाडीला झाडाने चौदा वर्षं घेतली. नव्या लागवडीच्या भराभर वाढलेल्या सागात वर्तुळं विरळ असतात. हा आकडाही वहीत लिहा.

प्रत्येक कांडीवर वहीतला नंबर घाला. कांडी मधोमध कापण्याआधी तिच्या एका बाजूवर लांबच लांब ‘व्ही’ काढा, म्हणजे दोन अर्धे नंतर त्याच क्रमाने जुळतील आणि रेषा पेनाच्या मधल्या कड्यापलीकडेही अखंड दिसतील. ही खूण विसरलं तर पेन दोन वेगळ्या लाकडांचं वाटतं.

भोक

इथेच सगळ्यात जास्त कांड्या फुटतात. 7 मिलिमीटरचं नवं, धारदार ड्रिल घ्या; सिमेंटच्या भिंतीला वापरलेलं इथे चालत नाही. ड्रिल प्रेसवर कांडी शिकंज्यात गुण्याने सरळ धरा, फेरे मिनिटाला 800 ते 1000. दर आठ-दहा मिलिमीटरला ड्रिल पूर्ण बाहेर काढून भुगा झटका. सागवानाचा भुगा तेलकट असतो, खोबणीत घट्ट बसतो, मग ड्रिल तापतं आणि आतून लाकूड तडकतं. धुराचा वास आला म्हणजे उशीर झालाय.

ड्रिल पलीकडून बाहेर पडताना टोकाचा टवका उडतो. त्यासाठी कांडीचा प्रत्येक अर्धा नळीपेक्षा सहा-सात मिलिमीटर लांब ठेवा, भोक आरपार न्यायच्या आधी थांबा आणि तेवढं टोक करवतीने कापून टाका. भोक आपसूक उघडं होतं, काठ शाबूत राहतो.

कांडीत खिळ्याचं भोक आलं असेल तर ती टाकून देऊ नका. माझी आवडती पेनं तीच. त्या भोकाभोवतीच्या निळ्याकाळ्या भागात झटपट चिकटणारा पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद जिरवा, काही मिनिटांतच घट्ट होतो. मग वर ठेवलेल्या जुन्या खिळ्यावर कानस चालवून थोडा कीस पाडा, पारदर्शक इपॉक्सी गोंदात कालवा आणि भोक भरा. त्या घराचा खिळा त्याच भोकात परत जातो. पितळेचा कीस जास्त चमकतो, बाजारात तोच जास्त दिसतो, पण मला तो परका वाटतो.

नळी चिकटवणं

माझ्या पहिल्या तीन पेनांपैकी दोन उन्हाळ्यात उकलली. मे महिन्यात गाडीत राहिली होती. नळी आतल्या आत सुटली आणि लाकूड उभं चिरलं. कारण नंतर कळलं. सागवानात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळेच त्याला वाळवी सहसा लागत नाही, आणि त्याच तेलामुळे गोंद धरत नाही. मी झटपट चिकटणारा गोंद नुसत्या भोकात ओतला होता.

तेव्हापासून असं करतो. पितळी नळी 150 नंबरच्या पॉलिश पेपरवर आडवी घासायची, चमक पूर्ण जाईपर्यंत. भोकात अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा दोन-तीनदा फिरवायचा. बोळा पिवळा येतो, ते तेल. पाच-दहा मिनिटं वाळू द्यायचं आणि लगेच चिकटवायचं, कारण थांबलं तर आतलं तेल पुन्हा वर येतं. अ‍ॅसिटोन आगपेटीपासून लांब, खिडकी उघडी.

गोंद म्हणून दोन भाग मिसळायचं, चोवीस तासांत घट्ट होणारं इपॉक्सी वापरा. पाच मिनिटांवालं सोयीचं असतं, पण उन्हाळ्यात बडोद्यासारख्या गावात सावकाश घट्ट होणाऱ्यावर माझा जास्त विश्वास आहे. नळीच्या आत गोंद जाऊ नये म्हणून तिचं टोक बटाट्याच्या चकतीत दाबा, छोटा बूच बसतो. गोंद लावून नळी गोल फिरवत आत सरकवा आणि काठापासून जराशी आत ठेवा. दुसऱ्या दिवशी बटाटा काडीने ढकलून काढा.

नंतर दोन्ही टोकं नळीशी काटकोनात करायची. ‘बॅरल ट्रिमर’ नावाचं पातं ड्रिलवर लावून हे होतं. पितळ चमकलं की त्याच क्षणी हात उचला. पुढे गेलात तर नळी आखूड होते, आणि शेवटी रिफिल टोकातून कायमची बाहेर राहते.

लेथवर

ज्यांच्याकडे लेथ, म्हणजे लाकूड फिरवून तासायचं यंत्र, नाही त्यांनी हँडड्रिल शिकंज्यात अडकवून त्याचा लेथ करू नये. हात जातो. त्यापेक्षा कांडीचे कोपरे बारीक रंध्याने तासून अष्टकोनी पेन करा, पॉलिश पेपरने कडा मऊ करा. भोक आणि नळी तीच, दिसायला जुन्या बोरूसारखं, आणि टेबलावरून घरंगळतही नाही. माझ्या मामेबहिणीला गोल पेनापेक्षा हेच आवडतं.

लेथ असेल तर मँड्रेलवर (नळ्या ओवायच्या पोलादी दांड्यावर) क्रमाने चढवा: बुशिंग (पेनाची जाडी ठरवणारं पोलादी कडं), खालची नळी, बुशिंग, वरची नळी, बुशिंग. ‘व्ही’च्या खुणा जुळवा. मागचा टेकू फार आवळू नका. मँड्रेल जरा वाकलं तरी पेन एका बाजूने जाड, एका बाजूने पातळ होतं, आणि ते कड्यापाशी बोटाला कळतं. सुरुवातीला हाताने एक फेरा फिरवून बघा, कुठे अडकत नाही ना. डोळ्यांना चष्मा, बाह्या वर, गळ्यातली साखळी किंवा ओढणी काढून ठेवलेली.

कोपरे जाईपर्यंत मिनिटाला साधारण 1500 फेरे, गोल झाल्यावर 2000 ते 2500. गोल पटाशी आधी टेकणीवर टेकवायची, मग लाकडावर. मधून टोकाकडे जायचं, टोकातून मध्ये आलं की कडेचा टवका उडतो. सागवानात सिलिका असते, त्यामुळे पोलादाची धार लवकर बोथट होते. दोन कांड्यांमागे एकदा धार लावावी लागते. कार्बाइडचं टोक असलेली पटाशी जास्त टिकते. धार बरोबर असेल तर लांब, कुरळ्या सालपट्या निघतात. नुसती धूळ उडायला लागली की थांबा आणि धार लावा. दाब वाढवून काम उरकलं तर जुनं लाकूड छिद्रांतून उचकटतं.

बुशिंगपेक्षा 0.3 मिलिमीटर जाड असताना पटाशी ठेवा, व्हर्नियरने मोजा. उरलेलं पॉलिश पेपरने: 180, 240, 320, 400, 600. फेरे कमी करून, आणि प्रत्येक नंबरनंतर लेथ थांबवून लाकडाच्या रेषेत उभं चार वेळा घासायचं, म्हणजे गोल ओरखडे जातात. पोलादी बुशिंगचा काळा भुगा सागवानाच्या छिद्रांत बसतो, म्हणून टोकांना अगदी हलक्या हाताने.

लाख, केवडा आणि संखेड्याची शिकवण

पेनावर लावायला आज सगळ्यात जास्त चालतो तो सायनोअ‍ॅक्रिलेटचा थर. आठ-दहा हात दिले की काचेसारखा होतो, घाम लागत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. रोज खिशात वापरायचं पेन असेल तर तोच करा. पण हाताला लाकूड लागत नाही, प्लास्टिक लागतं. एवढा खटाटोप करून काढलेलं लाकूड काचेखाली ठेवायचं मला जिवावर येतं.

म्हणून मी लाखेकडे वळलो. बडोद्यापासून तासाभराच्या अंतरावर, ओरसंग नदीच्या काठी संखेडा गाव आहे. तिथले खरादी, म्हणजे लेथवर काम करणारे कारागीर, सागवानाचे पाळणे, झोपाळे, खुर्च्या घडवतात. लाकूड फिरत असताना त्यावर लाखेची वडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याच्या पानाने ती ओढून सारखी करतात, अकीकाच्या दगडाने घोटून चमक आणतात. केवड्याचं पान आपल्या सावंतवाडीच्या लाखकामातही वापरतात. एवढ्या लांबच्या दोन गावांत तेच पान बघून मला फार बरं वाटलं होतं. संखेड्याला एका कारागिराशेजारी अर्धा दिवस बसलो. त्याने माझी कांडी हातात घेऊन नखाने दाबली, वास घेतला आणि म्हणाला, ‘रंग मत चढावो, आ तो जूनुं साग छे.’ रंगीत लाख रेषा झाकते. तेव्हापासून मी बिनरंगी चपडा लाखच (पातळ पापुद्र्यांच्या रूपात मिळणारी लाख) वापरतो.

कृती अशी. 200 मिलिलिटर डिनेचर्ड स्पिरिटमध्ये 30 ग्रॅम चपडा लाख रात्रभर भिजवा, मलमलीच्या फडक्यातून गाळा. लेथ बंद ठेवून पहिला हात द्या आणि तो ओला असतानाच 400 नंबरचा पेपर हलकेच फिरवा. निघणारा बारीक भुगा लाखेबरोबर छिद्रांत बसतो, म्हणजे लाकडाची छिद्रं त्याच लाकडाने भरली जातात. तासाभराने लेथ हळू फिरवत सुती फडक्याच्या छोट्या घडीने पातळ हात द्या. घडीवर अळशीच्या तेलाचा एकच थेंब, म्हणजे फडकं अडकत नाही. फडकं बोटाभोवती कधीही गुंडाळू नका, दोन बोटांत सैल धरा. सात-आठ हात, प्रत्येकात दहा मिनिटांचं अंतर. दुसऱ्या दिवशी मधमाशीचं मेण लावून जोरात पुसा. केवड्याचं पान मिळालं तर शेवटी फिरत्या पेनावर ते धरून बघा, चमक वेगळीच येते, थोडी मऊ. आमच्याकडे ते गणपतीत फुलवाल्यांकडे सहज मिळतं, म्हणून मी तेव्हाच पानं सुकवून ठेवतो.

अळशीच्या तेलाची फडकी चुरगळून टोपलीत टाकू नका. ती वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा, मग टाका.

जोडणी

हे काम दहा मिनिटांचं, पण घाई नको. बाकावरच्या शिकंज्याच्या जबड्यांना लाकडाच्या फळ्या लावा, तोच तुमचा प्रेस. आधी खालच्या नळीत टोक दाबा. मग दुसऱ्या बाजूने पिळायचा भाग, त्याची पितळी बाजू आत. त्यावर एक खोबणी असते, तिथपर्यंत आला की थांबा, रिफिल लावून पिळून बघा. रिफिलचं टोक दोन-तीन मिलिमीटर बाहेर यायला हवं. कमी असेल तर अगदी केसभर दाबा, पुन्हा बघा. जास्त दाबलं तर मागे घेता येत नाही. वरच्या नळीत क्लिप आणि टोपी, मध्ये कडं, आणि ‘व्ही’च्या जागी असलेल्या रेषा जुळवून वरचा भाग हाताने सरकवा.

फाउंटन पेन हवं असेल तर तेही जमतं, फक्त शाईला लाकूड लागता कामा नये. शाईने लाकूड फुगतं आणि डागतं. राजमहेंद्रीच्या रत्नमसारख्या आपल्याकडच्या जुन्या पेनकारांनी 1930 च्या दशकापासून एबोनाइट (कडक केलेलं रबर) वापरलं, कारण त्याला शाईचा काही त्रास नाही. लाकडाच्या पेनात म्हणून किटमधला धातूचा किंवा प्लास्टिकचा निबाचा भाग आणि कन्व्हर्टर (शाई भरायची नळी) घ्यायचा, लाकूड फक्त बाहेरून. पण बॉलपेनाची पाचेक झाल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

लाखेचं पेन वापरणाऱ्याला एक गोष्ट सांगून ठेवा: सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हाताने धरू नये. स्पिरिटने लाख विरघळते आणि बोटांचे ठसे उमटतात. तसं झालं तर पेन परत आणा म्हणावं, एक पातळ हात दिला की पूर्ववत होतं.

चिठ्ठी

प्रत्येक पेनाबरोबर मी हाताने लिहिलेली एक छोटी चिठ्ठी देतो, वहीतल्या नंबरासकट. त्यात एवढंच: दांडिया बाजार, माडीची तुळई, सागवान, हातआऱ्याने कापलेली, एका इंचात 14 वर्तुळं. जे माहीत नाही त्याची जागा कोरी ठेवतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पेन देताना ही चिठ्ठी त्यांना वाचून दाखवा आणि वही सोबत ठेवा.

सात नंबरचं पेन मी मामींना दिलं, खिळ्याच्या भोकाचं. मामी लग्न होऊन त्या वाड्यात आल्या आणि वाडा उतरेपर्यंत तिथेच राहिल्या. चिठ्ठी त्यांनी ऐकली, चष्मा वर करून पेन डोळ्यांजवळ नेलं आणि काळ्या ठिपक्यावर अंगठा ठेवला. ‘अरे, हा पाळण्याचा खिळा. तुझ्या आईला याच्याखाली झोपवायचे, सासूबाई सांगायच्या. मी गेले तेव्हा त्यावर कंदील होता.’

आईचा जन्म 1951 चा. त्या संध्याकाळी मी वहीत सातच्या पुढे लिहिलं: ‘पाळण्याचा खिळा, 1951 मध्ये होता. मामींनी सांगितलं.’ आणि बाकीच्या एकवीस चिठ्ठ्या परत मागवल्या, ती ओळ घालायला.